बालीतील भातशेतीच्या गावात राहायला जाताना : घर, जमीन, पाणी आणि प्रवास

बाली बेटाचे भाताचे कोठार समजला जाणारा ताबानान जिल्हा गजबजलेल्या दक्षिण किनाऱ्यापासून वर चढत २,२७६ मीटर उंचीच्या बातुकारू पर्वतापर्यंत पसरलेला आहे. पनेबेल, मार्गा, बातुरिती, पुपुआन या तालुक्यांतील गावांत भात, कॉफी, नारळ आणि भाजीपाला ही जगण्याची मुख्य साधने आहेत. तेथे पर्यटक म्हणून दोन रात्री काढण्यापेक्षा काही महिने किंवा काही वर्षे राहण्याची इच्छा असलेल्या मराठी माणसासाठी हा लेख आहे.

या गावांत घर, शेत, पाण्याचा पाट आणि देऊळ यांची व्यवस्था एकमेकांत गुंतलेली असते आणि घर भाड्याने घेणारा माणूस नकळत त्या सगळ्या व्यवस्थांमध्ये शिरतो. त्यामुळे क्रमाला फार महत्त्व आहे. आधी राहण्याचा परवाना, मग गावाकडे नोंद, मग वर्षभराच्या भाड्याचे घर आणि त्या घरात एक पावसाळा व एक कोरडा हंगाम काढल्यानंतरच, वाटल्यास, दीर्घ मुदतीचा करार. बरेच लोक नेमके उलट करतात. हिरवी खाचरे पाहून आधी करारावर सही करतात आणि मग पाणी, रस्ता व कायदा यांची चौकशी सुरू करतात. त्यातून होणारे नुकसान सहसा भरून निघत नाही.

परवाना आणि पैशाचे मोजमाप

भारतीय पारपत्रावर विमानतळावरच मिळणारा किंवा निघण्यापूर्वी ऑनलाइन काढता येणारा आगमन व्हिसा ५ लाख रुपियांना मिळतो (रुपिया हे इंडोनेशियाचे चलन). तो ३० दिवसांचा असतो आणि आणखी ३० दिवसांसाठी एकदाच वाढवता येतो. पारपत्राची किमान सहा महिन्यांची वैधता आणि परतीचे किंवा पुढच्या प्रवासाचे तिकीट लागते. याशिवाय १४ फेब्रुवारी २०२४ पासून बालीत येणाऱ्या प्रत्येक परदेशी पर्यटकाला १ लाख ५० हजार रुपियांचा प्रांतिक कर एकदा भरावा लागतो, आणि तो ऑनलाइन भरून त्याची पावती जवळ ठेवणे सोयीचे पडते. दीर्घकाळ राहायचे असेल तर निवृत्ती, कुटुंब, गुंतवणूक किंवा परदेशी मालकासाठी दुरून काम अशा ठरावीक कारणांसाठी मर्यादित निवासाचा परवाना घ्यावा लागतो, ज्याला तेथे ‘कितास’ म्हणतात. या परवान्यांचे प्रकार आणि अटी वारंवार बदलतात. म्हणून मित्राच्या दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर विसंबू नये, इमिग्रेशनच्या अधिकृत संकेतस्थळावरचीच माहिती ग्राह्य धरावी.

मुदत संपल्यावर राहिल्यास दर दिवशी १० लाख रुपिया दंड होतो, आणि ६० दिवसांहून अधिक झाल्यास हद्दपारी व पुन्हा प्रवेशास बंदी होते. परवान्याचा गैरवापर हा त्याहून गंभीर गुन्हा आहे. २०११ च्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम १२२ नुसार त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० कोटी रुपियांपर्यंत दंड होऊ शकतो. शेजाऱ्याच्या खाचरात सकाळभर लावणीला हात लावणे निराळे. पण राहण्या-जेवणाच्या बदल्यात एखाद्या शेतनिवासात रोज काम करणे, योगाचे वर्ग घेणे किंवा पाहुण्यांसाठी स्वयंपाक करणे हे मोबदला रोख नसला तरी काम समजले जाऊ शकते. पर्यटक परवान्यावर यांपैकी काहीही करू नये.

रकमांचे आकडे प्रथम गोंधळात टाकतात. तेथील ‘जुता’ म्हणजे आपले दहा लाख आणि ‘मिलियार’ म्हणजे एक अब्ज. करार वाचताना प्रत्येक रक्कम आपल्या पद्धतीने लाख-कोटींत शेजारी लिहून घ्यावी, कारण शून्ये मोजण्यातली चूक येथे दहापट पडते. भारतातून पैसे पाठवणाऱ्या रहिवाशांना रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेची आर्थिक वर्षात २.५ लाख डॉलरची मर्यादा लागू असते. दीर्घ भाडेकरार करण्यापूर्वी आपल्या सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा.

गावाकडे नोंद

बालीतील प्रत्येक गावात दोन कारभार शेजारी-शेजारी चालतात. एक सरकारी गाव, ज्याचा प्रमुख ‘परबकल’ असतो आणि जे जन्म-मृत्यू, दाखले, विकासनिधी यांचे काम पाहते. दुसरे ‘देसा आदात’ म्हणजे परंपरेचे गाव, ज्याचा प्रमुख ‘बंदेसा’ असतो आणि जे देवळे, स्मशान, विधी व गावाचे नियम सांभाळते. दोन्हींच्या खाली ‘बंजार’ असते. ही वस्तीची पंचायत आहे, तिचे स्वतःचे सभागृह असते आणि लाकडी घंटेच्या ठोक्यांनी तेथे लोकांना बोलावले जाते. बालीच्या २०१९ च्या प्रांतिक कायद्याने परंपरेच्या गावांना स्पष्ट मान्यता दिली असून गावात राहणाऱ्यांचे मूळ सभासद, बाहेरून आलेले हिंदू रहिवासी आणि इतर पाहुणे असे वर्ग केले आहेत. आपण हिंदू आहोत म्हणून गावाचे सभासद झालो असे मात्र कोणी समजू नये. सभासदत्व कुटुंब, घरजागा आणि सेवेची कर्तव्ये यांच्याशी बांधलेले असते.

पोहोचल्यावर २४ तासांच्या आत, घरमालकाला बरोबर घेऊन, पारपत्र व व्हिसाची प्रत देऊन बंजारच्या प्रमुखाकडे नोंद करावी. या प्रमुखाला ‘केलियान’ म्हणतात. इमिग्रेशनला परदेशी पाहुण्याची माहिती कळवणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. ती त्याने पार पाडली की नाही हे नम्रपणे विचारून घ्यावे. बाहेरच्या रहिवाशांकडून अनेक बंजार दरमहा वर्गणी घेतात. ती आनंदाने द्यावी आणि पावती मागावी. पावती मागण्यात कोणी अपमान मानत नाही. पुरुषांना ‘पाक’, स्त्रियांना ‘इबू’ असे संबोधून बोलावे. साधारण समवयस्क बाली पुरुषाला ‘ब्ली’ आणि स्त्रीला ‘म्बोक’ म्हटले जाते. इंडोनेशियन भाषा रोमन लिपीत लिहितात आणि तिचे व्याकरण सुरुवातीला सोपे वाटते, म्हणून निघण्यापूर्वी दोन-तीन महिने तिचा अभ्यास करणे हा या लेखातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फायद्याचा सल्ला आहे.

पोहोचणे आणि फिरणे

मुंबईहून सिंगापूर किंवा क्वालालंपूरमार्गे देनपासारच्या न्गुराह राय विमानतळावर उतरता येते. तेथून ताबानान शहर जवळ दिसत असले तरी वाहतुकीमुळे वेळेचा अंदाज नेहमी सैल ठेवावा लागतो. पनेबेल तालुक्यातील जातिलुविहपर्यंत मोटारीने दोन तास किंवा अधिक लागतात. जावा बेटावरून येणाऱ्यांना केतापांग ते गिलिमानुक ही फेरी-बोट मिळते आणि गिलिमानुकपासूनचा मुख्य रस्ता ताबानानमधूनच देनपासारकडे जातो. हा रस्ता मालमोटारींनी भरलेला, वळणांचा आणि रात्री धोकादायक आहे. नवख्याने त्यावर दुचाकी चालवू नये.

मोबाइलवरून बोलावता येणाऱ्या गाड्या दक्षिणेत सहज मिळतात, परंतु वरच्या गावांतून परतीची गाडी मिळेलच असे नाही. म्हणून गावातल्याच एखाद्या चालकाचा क्रमांक घेऊन त्याच्याशी दर ठरवून ठेवणे उत्तम. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे भारतीय माणसाला दुचाकी चालवण्याचा मोह लवकर होतो. तथापि दुचाकीचा स्पष्ट उल्लेख असलेला आंतरराष्ट्रीय चालक परवाना, हेल्मेट आणि अपघाताचा विमा यांशिवाय गाडीला हात लावू नये. भारतातून जाताना आपल्या परिवहन कार्यालयातून हा परवाना काढता येतो. विमापत्रात दुचाकीचा अपघात वगळलेला नाही ना, हेही वाचून घ्यावे. निवासाचा परवाना मिळाल्यानंतर स्थानिक परवाना काढणे अधिक योग्य.

भाड्याचे घर

गावातील घराचे भाडे बहुधा वर्षभराचे एकदम आणि आगाऊ द्यावे लागते. घर पाहायला दिवसा एकदा आणि जोरदार पावसात एकदा जावे. छप्पर, निचरा, ओलीची भिंत, संडासाच्या टाकीची जागा, फोनचे जाळे आणि घरापर्यंतचा रस्ता कोणाच्या मालकीचा आहे, या गोष्टी पावसात आणि शेजाऱ्यांशी बोलण्यातच कळतात. वीज बहुतेक ठिकाणी आगाऊ भरण्याच्या मीटरवर चालते. दुकानातून किंवा फोनवरून २० आकडी क्रमांक घेऊन तो मीटरवर दाबावा लागतो. मंजूर भार १,३०० किंवा २,२०० व्होल्ट-अँपियर असेल तर पाण्याचा पंप आणि इस्त्री एकाच वेळी चालतील का, हे तपासावे. ३ किलोची हिरवी गॅसची टाकी गरीब कुटुंबांसाठीच्या अनुदानातली आहे. परदेशी रहिवाशाने ५.५ किंवा १२ किलोची विनाअनुदानित टाकीच घ्यावी. नळाचे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये, १९ लिटरचे बाटलीबंद पाणी गावोगाव मिळते.

जमीन : काय शक्य आहे आणि काय नाही

आता सर्वांत महत्त्वाचा विषय. इंडोनेशियाच्या १९६० च्या मूलभूत कृषी कायद्यानुसार जमिनीची पूर्ण मालकी, म्हणजे ‘हाक मिलिक’, सर्वसाधारणपणे फक्त इंडोनेशियन नागरिकालाच मिळते. त्याच कायद्याच्या कलम २६ नुसार परदेशी व्यक्तीकडे प्रत्यक्ष किंवा आडमार्गाने मालकी जावी यासाठी केलेला व्यवहार आपोआप रद्दबातल ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. तरीही स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घेऊन मागे खासगी करार करून ठेवण्याचा सल्ला देणारे दलाल भेटतातच. त्यांचे म्हणणे ऐकूनही घेऊ नये. वाद झाला तर न्यायालयात आपल्या बाजूने उभे राहील असा कागदच अशा व्यवहारात नसतो, आणि ज्याच्या नावावर जमीन आहे त्या कुटुंबावरही आपण विनाकारण संकट ओढवतो.

परदेशी माणसाला कायदेशीर मार्ग मोजके आहेत. पहिला साधा भाडेपट्टा. बालीत २५ वर्षांचे भाडेपट्टे सर्रास होतात. दुसरा ‘हाक पाकाई’ म्हणजे वापराचा नोंदणीकृत हक्क, जो २०२१ च्या शासकीय नियमानुसार ३० वर्षांचा असून २० वर्षांनी वाढवता आणि पुढे ३० वर्षांसाठी नव्याने घेता येतो. परंतु त्यासाठी इमिग्रेशनची वैध कागदपत्रे लागतात आणि घराच्या किमान किमतीची अट असते. परदेशी गुंतवणुकीची कंपनी काढून बांधकामाचा हक्क घेणे हा तिसरा मार्ग १० अब्ज रुपियांहून अधिक गुंतवणुकीची अट असलेल्या खऱ्या व्यवसायासाठी आहे, राहत्या घरासाठी नाही. इंडोनेशियन व्यक्तीशी विवाह झालेल्यांनी मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार केलेला असणे फार आवश्यक आहे. असा करार विवाहानंतरही करता येतो, हे तेथील घटना न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केले.

भाताच्या खाचराबाबत नियम आणखी कडक आहेत. शेतजमिनीच्या मालकाने त्याच तालुक्यात राहावे हे तत्त्व १९६० च्या दशकातील जमीन सुधारणेपासून चालत आले आहे, आणि २००९ च्या कायद्याने अन्नधान्याच्या जमिनींना संरक्षण दिले आहे. संरक्षित खाचरावर घर बांधण्याची परवानगी मिळत नाही, मग भाडेपट्टा कितीही वर्षांचा असो. ‘शेजारच्याने बांधले आहे’ हा पुरावा मानू नये. भूखंडाचा नियोजन आराखड्यातील वर्ग जिल्हा कार्यालयातून लेखी घ्यावा आणि बांधकामाची मंजुरी मालकाच्या नावे मिळू शकते का, हे सही करण्यापूर्वीच पाहावे. मोठ्या देवळांच्या परिसरातही बांधकामावर बंधने असतात. माझे मत स्पष्ट आहे: पिकते खाचर कोणत्याही अटीवर घरासाठी घेऊ नये. बांधलेले जुने घर किंवा वस्तीतली जागा भाड्याने घ्यावी.

कागद तपासण्याचे काम शासनाने नेमलेल्या जमीन-दस्त अधिकाऱ्याकडून आणि नोटरीकडून करून घ्यावे. ते मालकाने सुचवलेले नसावेत, आपण स्वतंत्रपणे नेमलेले असावेत. मालकीचे प्रमाणपत्र राष्ट्रीय भूमी कार्यालयाच्या नोंदीशी जुळते का, त्यावर बँकेचा बोजा आहे का, मालमत्ता कर भरलेला आहे का, हे ते पाहतात. केवळ कराची पावती किंवा जुना गावनोंदीचा उतारा म्हणजे मालकी नव्हे. बालीत आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एक म्हणजे जागा देवळाच्या किंवा परंपरेच्या गावाच्या सामायिक मालकीची नाही ना. दुसरी म्हणजे वडिलोपार्जित जमीन असल्यास वंशावळीतील सर्व वारसांनी सह्या केल्या आहेत का. एका भावाची सही राहिली तर दहा वर्षांनी त्याची मुले दारात उभी राहू शकतात.

करार इंडोनेशियन भाषेत असणे कायद्याने आवश्यक आहे. सोबत इंग्रजी मसुदा ठेवता येतो. त्यात वाढीव मुदतीचे भाडे कसे ठरेल, मालकाचा मृत्यू झाल्यास किंवा जमीन विकली गेल्यास करार चालू राहील का, भाड्यावरील १० टक्के प्राप्तिकर कोण भरणार आणि मुदत संपल्यावर बांधलेल्या इमारतीचे काय होईल, हे शब्दाशब्दाने लिहिलेले असावे. बालीत जमीन ‘आर’ या मापाने सांगतात, म्हणजे १०० चौरस मीटर. आपल्या सातबाऱ्यावरही हेक्टर-आर असल्याने आणि गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा असल्याने मराठी माणसाला क्षेत्राचा अंदाज लगेच येतो. मात्र भाडे अनेकदा दर आरला दर वर्षाला असे सांगितले जाते, ते एकूण रकमेत मांडून पाहावे.

पाण्याची व्यवस्था : सुबाक

बालीची भातशेती ‘सुबाक’ या पाणीवाटप संस्थांवर उभी आहे, आणि गावात राहणाऱ्याने, तो शेती करत नसला तरी, ही व्यवस्था समजून घेतलीच पाहिजे. एका बंधाऱ्यातून किंवा मुख्य पाटातून पाणी घेणाऱ्या खाचरांचे मालक व कसणारे मिळून एक सुबाक होते. त्याचा प्रमुख ‘पकासेह’. पाट साफ करणे, बंधारा दुरुस्त करणे, लावणीच्या तारखा ठरवणे, पाणी चोरणाऱ्याला दंड करणे हे सर्व सभेत ठरते आणि लिखित नियमावलीत नोंदले जाते. धुळे जिल्ह्यातील पांझरा खोऱ्याची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना लाभधारकांनीच चालवलेल्या या कारभाराची ओळख लगेच पटेल. सुबाकमध्ये त्याला पाण्याच्या देवळांची जोड असते: बंधाऱ्याजवळ, पाटाच्या फाट्याजवळ आणि प्रत्येक शेताच्या वरच्या कोपऱ्यात, जेथून पाणी आत येते, तेथे पूजास्थान असते.

शेजारची खाचरे एकाच वेळी लावून एकाच वेळी मोकळी ठेवली की किडीला आणि उंदरांना सलग अन्न मिळत नाही; वरच्या आणि खालच्या गावांनी हंगाम मागेपुढे ठेवले की पाणी सर्वांना पुरते. या दोन्ही गोष्टींचा मेळ सुबाक आणि पाण्याची देवळे शतकानुशतके घालत आली आहेत. युनेस्कोने २०१२ मध्ये बालीतील सुबाकच्या भूदृश्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, ज्यात बातुकारूच्या उतारावरील जातिलुविहची खाचरेही येतात. देव, माणसे आणि निसर्ग यांच्यातील सलोखा सांगणारे ‘त्रि हित करण’ हे तत्त्व या वारशाचा पाया मानले गेले आहे.

रहिवाशासाठी याचे नियम सोपे आणि ठाम आहेत. सांडपाणी पाटात सोडू नये. साबणाचे पाणी खालच्या प्रत्येक खाचरात जाते. घरमालकाने तसा पाइप जोडलेला असेल तर शोषखड्डा करून घेण्याची अट करारातच घालावी. पाटाला लागून कुंपण किंवा भिंत घालू नये, कारण पाट साफ करायला शेतकऱ्यांना काठावरून चालावे लागते. विभाजकाचा दगड किंवा लाकडी फळी, जी पाण्याचे हिस्से ठरवते, तिला कोणत्याही कारणाने हात लावू नये. बांधावरून चालताना समोरून ओझे घेऊन येणाऱ्याला वाट द्यावी, आणि भात पोटरीवर आले असताना शेतात विधी चालू असेल तर दुरूनच थांबावे. फोटो काढण्यासाठी खाचरात उतरू नये. घरासाठी कूपनलिका घेण्यापूर्वी पकासेहशी बोलून घ्यावे. कागदावर त्याची गरज असो वा नसो, गावात ती आहे.

जेवण, आरोग्य आणि कुत्री

शाकाहारी माणसाची तेथे उपासमार होत नाही. टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), टोफू, शेंगदाणे, नारळ, हिरवे मूग आणि पालेभाज्या सर्वत्र मिळतात. परंतु बालीच्या वाटणांत आणि मिरचीच्या चटणीत ‘तरासी’ म्हणजे कोळंबीचे आंबवलेले वाटण बहुधा असतेच, आणि कुरकुरीत पापडांतही कोळंबी असू शकते. मांस, मासे, कोळंबी आणि अंडे यांपैकी जे चालत नाही ते एकेक नाव घेऊन सांगावे, नुसते ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही. तूरडाळ आणि गव्हाचे पीठ दक्षिण बालीतील भारतीय किराणा दुकानांतून आणावे लागते.

तालुक्याच्या ठिकाणी ‘पुस्कसमास’ हे सरकारी आरोग्य केंद्र असते, ताबानानला जिल्हा रुग्णालय आहे आणि गुंतागुंतीच्या उपचारांसाठी देनपासारला जावे लागते. डेंग्यूपासून सावध राहावे, पायाला जखम असताना चिखलात उतरू नये. बालीत २००८ पासून रेबीज आहे आणि गावांत कुत्री मोकळी असतात. दीर्घकाळ राहणाऱ्याने निघण्यापूर्वीच प्रतिबंधक लस घ्यावी. कुत्रे किंवा माकड चावले अथवा ओरखडले तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे, लस आधी घेतलेली असली तरीही.

गावाचे दिनमान

बालीत दोन कालगणना चालतात. २१० दिवसांच्या चक्रात गालुंगान आणि कुनिंगान हे सण येतात, तर शक वर्षाचा आरंभ ‘न्येपी’ या मौनदिनाने होतो. हे शक आपल्या शालिवाहन शकाशी जुळते. २०२६ मध्ये न्येपी आणि गुढीपाडवा दोन्ही १९ मार्चलाच येतात आणि शके १९४८ सुरू होते. अधिक महिना धरण्याच्या पद्धतीतील फरकामुळे हे दरवर्षी जमत नाही. न्येपीला सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सहापर्यंत विस्तव-दिवा, काम, प्रवास आणि करमणूक वर्ज्य असते. विमानतळ बंद राहतो, रस्त्यावर कोणी येत नाही, आणि गावाचे स्वयंसेवक गस्त घालतात. नियम परदेशी पाहुण्यालाही लागू आहे. अन्नपाणी आदल्या दिवशी भरून ठेवावे, पडदे ओढून घ्यावेत, आणि त्या दिवसाला लागून प्रवासाची तिकिटे काढू नयेत.

देवळात जाताना कमरेला वस्त्र आणि त्यावर कमरपट्टा लागतो. मासिक पाळीच्या काळात स्त्रियांना आणि घरात मृत्यू झाल्यावर ठरावीक दिवस कुटुंबाला प्रवेश नसतो. सुतकाची कल्पना आपल्याला परिचित असल्याने हे समजायला वेळ लागत नाही. रस्त्यावर ठेवलेल्या फुलांच्या द्रोणांवर पाय देऊ नये, डाव्या हाताने काही देऊ-घेऊ नये. विधीसाठी रस्ता अडवलेला असेल तर हॉर्न न वाजवता थांबावे. शेजारी अंत्यविधी असेल तर साधे वस्त्र नेसून थोडा वेळ बसून यावे; त्याची आठवण गाव दीर्घकाळ ठेवते.

मुक्काम संपवताना

निघण्याची तयारी दोन महिने आधी सुरू करावी. निवासाचा परवाना असेल तर तो रद्द करून कायमच्या निर्गमनाची नोंद इमिग्रेशन कार्यालयात करावी लागते; ती न करता देश सोडला तर पुढच्या अर्जाच्या वेळी अडचण येते. भाडेपट्टा अर्ध्यावर सोडायचा असेल तर उरलेली मुदत दुसऱ्याला देता येते का, हे करारातील अटीवर अवलंबून असते. तसे करताना नवा भाडेकरू आधी मालकापुढे आणि केलियानपुढे उभा करावा. विजेची उरलेली रक्कम, पाणीपट्टी आणि बंजारची वर्गणी चुकती करून घराची स्थिती मालकाबरोबर फिरून फोटोंसह लिहून घ्यावी, आणि किल्ली दिल्याची सही घ्यावी.